प्राण्यांचा डॉक्टर कसा निवडायचा आणि खर्च कसा आवाक्यात ठेवायचा

डॉक्टर शोधायची खरी वेळ म्हणजे प्राणी ठणठणीत असतो तेव्हाची. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण मी स्वतः नेमकं उलट केलं होतं. आमचा बोका एका संध्याकाळी सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता, दोन मिनिटं जोर करायचा, बाहेर यायचा, परत जायचा, आणि ट्रेमधली माती कोरडीच. मला वाटलं पोट साफ होत नसेल, सकाळी बघू. रात्री बाराला तो कण्हायला लागला तेव्हा मी फोन घेऊन नंबर शोधायला बसले, एक क्लिनिक बंद, दुसरीकडे कोणी उचलेना, तिसरीकडे म्हणाले रात्री मांजरं घेत नाही, चौथीकडे पोचेपर्यंत दोन वाजले होते. लघवीची वाट बंद झालेली. बोक्यांची ती नळी टोकाकडे फार बारीक असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं, एक-दोन दिवसांत जीवही जाऊ शकतो. भूल देऊन कॅथेटर घातला, सलाईन, तीन दिवस ॲडमिट. वाचला. डॉक्टर नंतर म्हणाले की संध्याकाळीच आणला असता तरी कॅथेटर लागलाच असता, पण रक्त एवढं बिघडलं नसतं आणि ॲडमिटचे दिवस कमी झाले असते. म्हणजे त्याचा त्रास आणि आपलं बिल, दोन्ही.

म्हणून पहिलं काम, प्राणी घरी आला की पहिल्या आठवड्यातच दोन नंबर हाताशी ठेवा. एक रोजचा डॉक्टर आणि एक रात्री-बेरात्री उघडं असणारं हॉस्पिटल. आणि त्या रात्रीच्या ठिकाणी एकदा फोन करून विचारा की मांजर घेता का, ससा घेता का, रात्री खरंच डॉक्टर असतो का फक्त सांभाळणारा मुलगा असतो. पाटीवर चोवीस तास लिहिलेलं असणं आणि रात्री तीनला डॉक्टर हजर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोजचा डॉक्टर निवडताना लोक रेटिंग बघतात, मीही बघते, पण रेटिंगवरून फार तर रिसेप्शनवरची माणसं कशी बोलतात ते कळतं. खरं कळतं ते एकदा नुसतं वजन करायला किंवा जंताचं औषध द्यायला नेलं की. तेव्हा डॉक्टर काय करतात ते बघत बसा. चांगला डॉक्टर आधी वजन घेतो, मग नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवतो, ओठ वर करून दात आणि हिरड्या बघतो, कानात बघतो, पोट दाबून बघतो, स्टेथोस्कोप दोन्ही बाजूंना लावतो, आणि हे सगळं करताना तुम्हाला प्रश्न विचारत असतो, खातो किती, पाणी किती पितो, शी कशी असते. मांजराला पिंजऱ्यातून ओढून काढत नाही, वरचं झाकण काढून आतच तपासतो. आणि जे दिसलं ते केस पेपरवर लिहितो. हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं, त्याला भारी मशिनं लागत नाहीत, पण जो एवढं करत नाही त्याच्याकडे भारी मशिन असून काही उपयोग नाही असं माझं ठाम मत आहे.

नोंदणी तर बघाच. तुमच्याकडच्या पशुवैद्यक परिषदेत डॉक्टरचं नाव असायला हवं, ते विचारण्यात लाजायचं काही नाही. मग अजून काही गोष्टी विचारून घ्या. ऑपरेशनच्या वेळी भुलेवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का. श्वासनलिकेत नळी घालता का. ऑपरेशननंतर वेदनाशामक देता का (याचं उत्तर लगेच हो आलं पाहिजे, लागलं तर देऊ असं म्हणाले तर मी तिथे ऑपरेशन करणार नाही). ॲडमिट ठेवलं तर रात्री कोण असतं. रक्ततपासणी आणि एक्स-रे इथेच होतो की बाहेर पाठवता. रिपोर्टच्या कॉपी मिळतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या हाताबाहेरचं असेल तर कुणाकडे पाठवता. ज्या डॉक्टरकडे या शेवटच्या प्रश्नाचं पटकन उत्तर असतं, अमक्या प्रकारच्या हाडांना इकडे, डोळ्यांना तिकडे, तो डॉक्टर धरून ठेवा. हे माझ्याने होणार नाही असं सांगणारा माणूस पुढे तुमचे खूप पैसे वाचवतो.

ससा, पक्षी, कासव असेल तर अजून सावध. कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टरही सशांचा जाणकार असेलच असं नाही. एक सोपी परीक्षा सांगते. फोनवर विचारा, नसबंदीच्या आधी सशाला किती वेळ उपाशी ठेवायचं. रात्रभर काही देऊ नका असं म्हणाले तर दुसरीकडे विचारा, कारण ससा उलटी करूच शकत नाही त्यामुळे त्याला तसं उपाशी ठेवायची गरजच नसते, उलट रिकामं राहिलं तर त्याचं आतडं थंडावतं आणि तेच जिवावर बेतू शकतं. ससा १२ तास खात नसेल तर ती इमर्जन्सीच धरायची.

आता सोडून कुणाला द्यायचं ते. न तपासता इंजेक्शन देणारा, आणि काय दिलं विचारलं की "ताकदीचं आहे" म्हणणारा. आमच्या आधीच्या कुत्रीला खाज सुटायची, एका ठिकाणी दर महिन्याला एक इंजेक्शन, दोन दिवसांत खाज गायब, महिन्याने परत. ती पाणी ढसाढसा प्यायला लागली, घरात लघवी करायला लागली, भूक इतकी की कचऱ्याचा डबा उपसायची. ते स्टेरॉइड होतं, आणि हे सगळं स्टेरॉइडनेच होतं हे मला दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं. त्यांनी काय केलं तर तिच्या कमरेवरचे केस बारीक कंगव्याने विंचरले, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले, आणि त्या कणांभोवती लालसर डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मूळ दुखणं पिसवांचं होतं! पिसवांचं औषध नियमित सुरू केलं, घरातलं अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुतलं आणि खाज गेली. स्टेरॉइड वाईट नसतं, कित्येक आजारांत तेच लागतं, पण का देताय ते सांगून द्यायला हवं ना.

आता पैशाचं. इथे बहुतेक लोक अडकतात कारण टेबलावर आपलं लेकरू पडलेलं असतं आणि पैसे किती लागतील हे विचारणं म्हणजे आपलं प्रेम कमी आहे असं वाटतं. मला मनापासून सांगायचंय, विचारा. तपासणी झाल्या झाल्या विचारा, उपचार सुरू व्हायच्या आधी. डॉक्टर रोज हे बोलतात, त्यांना त्यात नवल नसतं. अंदाज लेखी मागा, आणि एकच आकडा नको, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असे दोन मागा, आणि सांगून ठेवा की वरच्या आकड्याच्या पुढे जायच्या आधी मला फोन करा.

दोन वाक्यं मी पाठ करून ठेवली आहेत, तुम्हीही ठेवा. पहिलं, "डॉक्टर, आज माझ्याकडे एवढेच पैसे आहेत, यात आधी काय करायला हवं?" दुसरं, "या टेस्टचा रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच देणार असाल तर ही टेस्ट आत्ताच करायची का?" दुसरा प्रश्न भांडणाच्या सुरात विचारू नका, खरंच समजून घ्यायला विचारा, कारण कितीदा तरी उत्तर येतं की हो, रिपोर्टवरून औषध बदलेल, आणि मग ती टेस्ट करायलाच हवी. सुरुवातीचे चार पैसे टेस्टवर गेले तर चुकीच्या औषधांवरचे चाळीस वाचतात.

उपचारांचा एकच रस्ता असतो असं नाही. पार्व्होचं उदाहरण घ्या, पिल्लांना होणारा भयंकर आजार, उलट्या, रक्ताचे जुलाब. यात ॲडमिट करून चोवीस तास सलाईनवर ठेवणं सगळ्यात चांगलं. पण ते कित्येकांना झेपत नाही. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत ४० कुत्र्यांचे दोन गट करून बघितलं, निम्म्यांना ॲडमिट ठेवलं आणि निम्म्यांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरलं आणि मग बाहेरचा पेशंट असल्यासारखे उपचार केले, कातडीखाली सलाईन, उलटीचं इंजेक्शन, बरेच दिवस टिकणारं अँटिबायोटिक. ॲडमिट गटातले ९० टक्के वाचले, दुसऱ्या गटातले ८० टक्के. म्हणजे ॲडमिट करणं सरसच, पण दुसरा रस्ता अगदी बिनकामाचा नाही. मात्र त्यात दिवसातून कितीतरी वेळा औषधपाणी, तपासणी, तापमान बघणं आलं, नुसतं घरी नेऊन देवावर सोडणं नव्हे. पैसे नाहीत म्हणून गपचूप उठून जाण्याऐवजी "दुसरा काही मार्ग आहे का" एवढं विचारलं तर डॉक्टर असा मार्ग काढून देऊ शकतात, पण आपण तोंड उघडल्याशिवाय त्यांना कसं कळणार.

खर्च वाचतो तो मुळात आजार न होऊ देण्यात, हे सगळेच सांगतात म्हणून मी फक्त ज्यात लोक चुकतात तेवढंच लिहिते. पिल्लाच्या लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर २ ते ४ आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. लोक दोन डोस झाले की थांबतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी उतरते, म्हणून हे डोस पुन्हा पुन्हा द्यायचे असतात, शेवटचा चुकला तर आधीचे वाया गेलेले असू शकतात. याच्या उलट, मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार), पार्व्होच्या लसी पिल्लाचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर तीन वर्षांच्या आत परत द्यायची गरज सहसा नसते, तसं छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचंच (WSAVA) मार्गदर्शन आहे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) मात्र दरवर्षी लागते आणि रेबीजची तुमच्याकडचा कायदा आणि लसीवरची सूचना सांगेल तशी. तेव्हा दरवर्षी सगळ्याच लसी देत असाल तर कोणती कशासाठी, असं एकदा शांतपणे विचारा.

मादीची नसबंदी. ठरवून केलेलं ऑपरेशन एक दिवसाचं, आणि न केलेल्या कुत्रीला उतारवयात गर्भाशयात पू झाला तर तेच ऑपरेशन मध्यरात्री, तापलेल्या, विषबाधा झालेल्या शरीरावर, कितीतरी पट खर्चात. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून दिसलं की नसबंदी न झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण चारातल्या एकीला दहाव्या वर्षापर्यंत हे होतं. कोणत्या वयात करायची ते जातीवर, आकारावर असतं, ते डॉक्टरशी बोला.

आणि वजन! याकडे कुणी बघतच नाही. ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर सांभाळून एक अभ्यास झाला होता, २००२ साली छापून आला, त्यात भावंडांच्या जोड्या लावून निम्म्यांना जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि सांधेदुखीची औषधंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. घरच्या घरी बघायची रीत अशी, हात पालथा, सपाट ठेवा आणि त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, उंचवटे जसे हाताला लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर बोटांची हाडं टोकदार लागतात तशा लागल्या तर प्राणी बारीक आहे, आणि तळहातावरून बोट फिरवल्यासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. याला एक पैसा लागत नाही.

बचत कुठे करायची नाही तेही सांगते. आपल्या डब्यातली गोळी प्राण्याला द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते, तिचं यकृत ते पचवूच शकत नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध मांजराला लावलं तर झटके येतात. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगम हे कुत्र्याच्या तोंडाला लागेल असं ठेवायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर लिलीची फुलं आणायचीच नाहीत, पराग चाटले तरी किडनी बंद पडते. खाल्लंच तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, लगेच फोन. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने वेगळीच विषबाधा होते.

घरी बसून तुम्ही जे बघाल त्याने डॉक्टरचा वेळ आणि तुमच्या टेस्ट वाचतात. खोकला, लंगडणं, झटका, याचा व्हिडिओ काढा, कारण क्लिनिकच्या दारात पाय ठेवला की कुत्रा खोकायचा थांबतो हे ठरलेलंच. झोपलेल्या प्राण्याचे श्वास मोजा, छाती वर-खाली मिळून एक, मिनिटाला ३० च्या आत असायला हवेत, हृदयाच्या आजारात हा आकडा सगळ्यात आधी वाढतो. हिरड्या बऱ्या असताना कशा गुलाबी दिसतात ते बघून ठेवा, म्हणजे पांढऱ्या पडल्या की ओळखू येतील. जुलाब असतील तर ताजा नमुना डबीत घेऊन जा. एका वहीत तारीख, वजन, औषध लिहा.

मग रात्रीच पळायचं कधी आणि सकाळपर्यंत कधी थांबायचं? बोक्याला लघवी होत नाहीये, कुत्र्याचं पोट फुगलंय आणि ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही (जठराला पीळ पडलेला असू शकतो, मोठ्या छातीच्या जातींमध्ये जास्त), मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, हिरड्या पांढऱ्या, झटका पाच मिनिटांच्या वर, यात थांबायचं नाही. मोठा कुत्रा एकदा ओकला पण शेपूट हलवतोय, पाणी पोटात टिकतंय, तर सकाळपर्यंत बघता येतं. लहान पिल्लाला हा नियम लावू नका, ती तासातासात खालावतात. जाडं मांजर दोन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून दुसराच आजार उभा राहतो, तिथे नखरे करतंय म्हणून सोडू नका.

औषधांबाबत, चिठ्ठी लेखी मागा आणि त्यावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तेच औषध माणसांच्या दुकानात स्वस्त मिळत असेल तर डॉक्टरला विचारून तिथून घ्या. पातळ औषध असेल तर त्यात झायलिटॉल नाही ना ते बघून. जन्मभराचं औषध असेल, थायरॉइड, हृदय, झटके, तर मोठा पॅक घेतला तर किती पडेल ते विचारा. अँटिबायोटिक सांगितलंय तेवढे दिवस द्या, उरलेलं पुढच्या वेळी मनाने देऊ नका.

विमा घ्यायचा असेल तर प्राणी लहान आणि निरोगी असताना घ्या, नंतर घेतला तर आधीपासूनचा आजार म्हणून नेमकं हवं तेच वगळतात. कागद वाचताना एवढं शोधा, किती दिवसांनी संरक्षण सुरू होतं, प्रत्येक क्लेममध्ये आपल्या खिशातून किती, एका आजाराला वर्षाला किती मर्यादा, दात धरलेत का, आणि एका गुडघ्याचा लिगामेंट आधी तुटला असेल तर दुसरा गुडघाही वगळतात का, हे बऱ्याच पॉलिसींमध्ये असतं आणि क्लेम करायला गेल्यावरच कळतं. विमा नको असेल तर त्याचा हप्ता आपणच वेगळ्या खात्यात दर महिन्याला टाकायचा. अडचण एकच, पहिल्याच वर्षी मोठं काही झालं तर खात्यात तेवढे साठलेले नसतात, म्हणून मी पिल्लू असताना विमा घेतला आणि जोडीला थोडे थोडे साठवतही गेले. हातात अगदीच नसेल तर पशुवैद्यक कॉलेजच्या हॉस्पिटलात जा, तिथे वेळ जातो पण खर्च सहसा कमी असतो आणि तज्ञ एकाच छताखाली मिळतात. क्लिनिकला हप्ते चालतील का तेही विचारा, पण ऑपरेशनच्या आधी विचारा, बिल हातात आल्यावर नको.

म्हातारपणी एक वेळ येते की पैसे असले तरी पुढे न्यायचं का हा प्रश्न पडतो. तेव्हा डॉक्टरला विचारा की या उपचारांनी त्याला किती दिवस मिळतील आणि ते दिवस कसे जातील, खाईल का, उठेल का, आपल्याजवळ येऊन बसेल का. आमच्या कुत्रीच्या वेळी डॉक्टर खाली जमिनीवर तिच्या शेजारी बसून माझ्याशी बोलले होते. शेवटची सुई घरी येऊन देता का, तेही आधीच विचारून ठेवा, त्या दिवशी ते विचारायचं त्राण आपल्यात नसतं.

आज रात्री करायचं ते एवढंच, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा, आणि मांजराचा पिंजरा माळ्यावरून काढून, आत तिचं रोजचं पांघरूण घालून, दार उघडं ठेवून तिच्या झोपायच्या कोपऱ्यात ठेवा. आमचा बोका आता त्यातच झोपतो.